खांडीवरचं घर

बायका एकदम उठल्या. कुणी कुणाला खूण केली नव्हती, घड्याळाकडेही कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या हातात शिऱ्याच्या बशांचा ट्रे तसाच होता आणि त्या पदर सावरत चपला शोधायला लागल्या होत्या.

"अहो, केक राहिलाय," मी म्हणाले. "रेवूचे बाबा घेऊन येतच असतील."

"पोरीला ओवाळला, झाला की," एक जण म्हणाली. "केक काय, तुमी खा."

"बसायला बोलावलं होतं, शर्यतीला नाही," मी हसून म्हणाले. कुणी हसलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की खाली अंथरलेल्या सतरंजीवर तासाभरात एकही बाई बसली नव्हती. कॉटवर दाटीवाटीनं पाच जणी, दोघी खुर्च्यांवर, उरलेल्या उंबरठ्याबाहेर ओट्यावर. सतरंजीवर फक्त माझी रेवू होती, नवा फ्रॉक घालून, फुग्याशी खेळत.

सगळ्यांत शेवटी हिरामामी निघाल्या. दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या, रेवूला काखेत धरून उचललं आणि कॉटवर ठेवलं.

"पुनवेला आवशेला दुपारची हिला खाली ठेवू नको, बाय."

"का हो मामी?"

त्यांनी एकदा खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "लादी गार असते," म्हणाल्या, आणि गेल्या.

बांधावरून एकीमागे एक जाताना मी त्यांना बघत होते. कडक ऊन होतं, पावसानं आठवडाभर उघडीप दिली होती. एकीनंही मागे वळून पाहिलं नाही. त्या गावाच्या पहिल्या घराआड दिसेनाशा झाल्या, आणि माझ्या मागे आवाज आला.

टक. थोडं थांबून पुन्हा, टक.

फुगा फुटला असेल म्हणून वळले. फुगा कॉटवर होता. रेवू खाली उतरून कोपऱ्यातल्या लादीला कान लावून पालथी पडली होती, डोळे माझ्याकडे.

"आई, आलं," ती म्हणाली.

"काय आलं?"

"आतलं."

*

रेवू तेव्हा तीन वर्षांची झाली होती. आता ती नववीत आहे आणि तिला यातलं काहीही आठवत नाही. मला सगळं आठवतं.

मी वाईची, समुद्र फक्त सहलीत पाहिलेला. रुपेश पेणकडचा. लग्नानंतर आम्ही पनवेलला एका खोलीत राहायचो, आणि रेवूला सारखा खोकला असायचा. अशात रुपेशच्या मामांनी, दामूमामांनी, निरोप धाडला की खाडीकडेला बंगल्यांची वसाहत उभी राहतेय, पहिलं घर तयार आहे, भाच्यानं येऊन राहावं, कामावर देखरेख करावी. दुसऱ्या टप्प्याची परवानगी आली की घर भाच्याच्या नावावर. मोकळी हवा, दारात भातशेती. मी बी.एस्सी. झालेली, सगळे प्रश्न विचारले. भरतीच्या रेषेपासून घर किती आत आहे? मामांनी हसत हसत बांधाकडेला रोवलेले पिवळे दगड दाखवले. "ते बघ, सरकारी रेघ. तिच्या आत हाय की नाय आपलं घर? मग!"

गावच्या सरपंच मामांच्या बायको, हिरामामी होत्या. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून मामांनी त्यांना उभं केलं होतं. ग्रामपंचायतीत मामा बोलायचे आणि मामी ते बोट ठेवतील तिथे सही करायच्या. हे गावात कुणाला वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

वाढदिवसाच्या संध्याकाळी रुपेशला मी आवाजाचं सांगितलं.

"मुरूम बसतोय," तो म्हणाला. "भराव नवा आहे. नवं घर आवाज करतंच."

"दुपारी बारालाच?"

"वैदू, तू घड्याळ लावून बसलेलीस का?"

"आणि बायका? एकदम उठल्या त्या?"

"त्यांना घरी भात टाकायचा असेल." तो केकचं क्रीम बोटानं चाटत होता. रेवू त्याच्या मांडीवर हसत होती. मीही हसले, आणि हसता हसता कोपऱ्यातल्या लादीवर बोट फिरवून जिभेला लावलं. खारट होतं.

दुसऱ्या दिवशी केर काढताना कॉट सरकवली, तर त्याच लादीच्या फटीशी एक बाहुली पडलेली. तांदळाच्या पिठाची, माझ्या तळहाताएवढी. डोळ्यांना काळी मिरी लावलेली. गुडघ्यांपर्यंत ती विरघळून गेली होती, वरचं अंग शाबूत होतं. आणि अंगात कापडाचा फ्रॉक होता, निळ्या फुलांचा. गेल्या महिन्यात दोरीवरून नाहीसा झालेला रेवूचा जुना फ्रॉक होता तो, कापून लहान केलेला.

मी रेवूला उचललं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. रुपेश येईपर्यंत आत गेले नाही.

"दृष्ट काढली असेल गं कुणीतरी," तो म्हणाला, पण बाहुली हातात घेताना त्याचा चेहरा बदलला होता.

"दृष्ट काढायला पोरीचा फ्रॉक चोरतात? तुझ्या मामांच्या गावात कुणाला आपलं बरं बघवत नाही, रुपेश. कुणीतरी माझ्या मुलीवर करणी करतंय."

"तू बी.एस्सी. ना?"

"मी तिची आई."

त्यानं बाहुली खाडीत नेऊन टाकली. परत आल्यावर म्हणाला, "मामांपर्यंत जाऊ देऊ नकोस. तालुक्याचे साहेब पाहणीला यायचेत. इथं वस्ती आहे, कुटुंब राहतंय, हे दाखवायचंय त्यांना. तेवढा कागद होऊ दे, मग तू म्हणशील तसं."

त्यानंतर रेवूला मी नजरेआड केलं नाही. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बघायचे. रेवू भिंत चाटायची. आधी मला वाटलं कॅल्शियम कमी असेल, मग भिंतीवर खालून वर चढत जाणारी पांढरी बुरशी दिसली, आणि ती बुरशी नव्हती, मीठ होतं. कधी कधी ती चमच्यानं लादीवर ठोकायची आणि थांबून ऐकायची. मधल्या दिवसांत खालून उत्तर आलं नाही. गावातली कुत्री आमच्या ओट्यापर्यंत यायची, उंबरठ्याशी थांबून हुंगायची आणि मागे सरकायची. भाकरी आत टाकली तरी येत नसत.

*

सर्वपित्रीला रुपेश सकाळीच मामांकडे गेला. आजोबांचं पान ठेवायचं होतं. मलाही बोलावणं होतं, पण रेवूला ताप आहे, तिला डॉक्टरकडे नेते असं मी खोटंच सांगितलं. मला मामींचे शब्द आठवत होते. पुनवेला आणि आवशेला. वाढदिवसाला पौर्णिमा होती, आज अमावास्या.

पुढचं दार बंद करून आतल्या खोलीत रेवूला मांडीवर घेऊन बसले. मधल्या दाराला फट ठेवली होती. ऊन तापत गेलं. रेवू झोपेला आली होती.

मागच्या दाराची कडी वाजली नाही. किल्ली फिरली. घर बांधणाऱ्यांकडे दुसरी किल्ली असणार हे मला तोवर सुचलंच नव्हतं. हिरामामी आत आल्या, पायात चप्पल नाही, हातात केळीच्या पानाची पुडी. कॉट अलगद सरकवून कोपऱ्यात उकिडव्या बसल्या, पुडीतून बाहुली काढली आणि लादीच्या फटीवर उताणी निजवली. लहान मुलाला थोपटावं तसं दोन बोटांनी तिला थोपटलं.

"ही घे," त्या खाली बघून हलक्या आवाजात म्हणाल्या. "ही रेवू. दुसरी कोन रेवू नाय हितं."

माझ्या मांडीवरची रेवू ताडकन जागी झाली. "आजी!"

 मामी उठल्या नाहीत, फक्त हात वर करून पंजा हलवला. "गप कर तिला. गप कर. नाव घेतलंय मी आता."

मी रेवूच्या तोंडावर हात दाबला. लादीखालून आवाज आला. टक. मग पलीकडच्या लादीखालून. मग एकामागून एक लाद्यांखालून, कोपऱ्याकडून आमच्या खोलीच्या दिशेनं, कुणी बोटाच्या पेरानं ठोकत पुढे यावं तसा. दाराच्या फटीशी येऊन थांबला.

मामी उठल्या, मला दंडाला धरून मागच्या दारानं बाहेर ओढलं आणि बांधावर येईपर्यंत सोडलं नाही.

"तुम्ही माझ्या मुलीच्या जिवावर उठलात?" मी ओरडले. "काय वाईट केलं हो मी तुमचं?"

"अगो, ऐक तरी. तिच्या जागी दिली मी बाहुली. तिच्या बदल्यात. जनमदिवसाला पन मीच ठेवलेली." मामी धापा टाकत बांधाच्या दगडावर बसल्या. बांधाच्या एका अंगाला खाडी काठोकाठ भरली होती, तिचं पाणी आमच्या घराच्या जोत्याहून उंच दिसत होतं. दुसऱ्या अंगाला कोरडी शेतं आणि घर. "तुला कोनी सांगलं नाय. कोन सांगनार? सगल्यांच्या जमिनी गेल्यात त्या कामात. मी सांगली तं घरात ऱ्हायचं कुठं?"

"काय सांगायचं होतं?"

"तुजं घर खांडीवर हाय."

मग त्यांनी सांगितलं. त्या नव्या नवरी असताना एका उधाणात बांध याच ठिकाणी फुटला. बांध फुटला की त्याला खांड म्हणतात. खाडी आत घुसली आणि फिरून फिरून तिनं जमिनीत डोह पाडला. गावानं दगड टाकले, झाडं टाकली, एक जुनी होडी भरून बुडवली. डोह भरेना. मामांची धाकटी बहीण गोदी, सहा वर्षांची, दगड वाहणाऱ्या बायकांच्या मागेमागे फिरत होती. दुपारी भरती आली तेव्हा ती बांधावर होती. भरती उतरल्यावर नव्हती.

"सापडली नाही?"

"नाय. दुसऱ्या दिशी डोह भरत आला. मग कोनी उकरलं नाय." मामींनी पदरानं तोंड पुसलं. "मग गावकी बसली. खांडीवर भात लावावं, मीठ पिकवावं, पन चूल मांडू नये. चूल मांडली की बाई येते, बाई आली की पोर येतो. पानी खालून जागं हाय. पुनवेआवशेला वर येऊन बघतं. दर साली आमी बाया खांडीला पिठाची बाहुली देतो, पोरांच्या नावानं."

"आणि मामांना हे ठाऊक असून..."

"त्यांनाच तं ठाऊक. हितनं जाताना तोंड फिरवायचे ते. घरं झाली तं जागा दिसायची नाय, म्हनतात."

"मग ती सरकारी रेघ? ते पिवळे दगड?"

"ते अष्टमीला रोवले." त्या माझ्याकडे बघेनात. "भांगाचं पानी. अष्टमीला भरती पन मेलेली असते, खाडी निम्मी भरत नाय. मापायचं असतं उधानाच्या भरतीला. हितल्या पोरासोरालाबी ठाऊक हाय. साहेबांना अष्टमीलाच आनलं. आता पाहनी पन अष्टमीलाच हाय."

"कागदावर सही कुणाची आहे?"

 मामी हसल्या, कसंनुसं. "सरपंचाची."

*

रुपेशला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तो नखं कुरतडत ऐकत होता.

"गोदीमावशीचं आईनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "जागा सांगितली नव्हती."

"आपण निघू."

"घर जाईल, वैदू. काम जाईल. पुन्हा ती पनवेलची खोली, पुन्हा तिचा खोकला. पाहणी होऊ दे फक्त. नावावर झालं की विकून टाकू."

"कुणाला? ज्याला लहान मूल आहे त्याला?"

 त्या दिवसापासून रेवू कॉटवर असली तरी तो तिचा पाय धरून झोपायचा.

नवरात्रातल्या अष्टमीला दुपार कलल्यावर साहेब आले. चाळिशीचे, घामेजलेले, बुटांना चिखल लागू नये म्हणून जपून चालणारे. मामांनी ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या, नारळपाणी फोडून ठेवलं होतं. खाडी दूरवर चिखलात पडून होती. लाद्या कोरड्या, लखलखीत. भिंतींना मामांनी दोन दिवस आधी नवा रंग मारून घेतला होता.

"हे बघा, भाचा माजा, ही सून, ही नात," मामा म्हणाले. "भरलेलं घर. गावठानच म्हना की. पुढं चाळीस घरं येतील, शाळा येईल."

साहेबांनी कागद मांडीवर घेतले. "वहिनी, पाण्याचा काही त्रास?"

सगळे माझ्याकडे बघत होते. रुपेश माझ्याकडे बघत नव्हता. रेवू माझ्या कडेवर होती आणि तिच्या जिभेची खरखर माझ्या खांद्याला लागत होती. माझा घाम चाटत होती ती.

"पाणी येतं," मी म्हणाले. "खालून. आज नाही येणार. पौर्णिमेला दुपारी येतं."

मामा मोठ्यानं हसले. "घाटावरची हाय ती, साहेब! नळ ठिबकला तरी हिला पूर आला वाटतो."

"रेषा पण अष्टमीला आखलीय," मी म्हणाले. "भांगाच्या भरतीला."

साहेबांनी पेन थांबवलं. ते मामांकडे, मग दगडांकडे, मग पुन्हा कागदाकडे बघू लागले. त्यांना लवकर निघायचं होतं हे दिसत होतं. "असं आहे वहिनी, जागेवर जे दिसतं ते मी लिहितो. आज तर कोरडं आहे. ग्रामपंचायतीची हरकत नसेल तर..." त्यांनी कागद पुढे केला. "सरपंच कोण?"

मामांनी कागद घेतला, बोट एका जागी ठेवलं आणि मामींसमोर धरला. नेहमीसारखा.

मामींनी पेन घेतलं नाही. त्या उठून ओट्यावरून आत गेल्या, खोलीच्या मधोमध गेल्या, आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या. त्या घरात खाली बसलेली गावातली पहिली बाई.

"पुनवेला मी हितंच बसनार हाय," त्या आतून म्हणाल्या. "साहेब, तुमी दुपारचे या. मग काय ती सही."

"हिच्या डोक्यात वारं गेलंय," मामा म्हणाले.

"सरपंच मी हाय ना?" मामींनी विचारलं. मामांना नव्हे, साहेबांना.

साहेबांनी कागदावरचं नाव वाचलं. "आहात," ते म्हणाले.

*

कोजागिरीच्या दुपारी सगळं गाव बांधावर उभं होतं. कुणी बोलावलं नव्हतं. आभाळ निळं, पान हलत नव्हतं, बांधापलीकडे खाडी फुगून आली होती. रेवूला मी छातीशी बांधल्यासारखी धरली होती आणि रुपेश आम्हा दोघींच्या पुढे उभा होता. साहेब आले होते. तालुक्याहून आणखी कुणाला आणलं नव्हतं, एकटेच. ते दारात एका बाजूला उभे राहिले; सताड उघड्या दारातून बांधावरून आतलं सगळं दिसत होतं.

आत मामी बसल्या होत्या, मांडी घालून, हात मांडीवर.

आधी ठोकणं सुरू झालं. साहेबांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं, कोण वाजवतंय म्हणून. मग कोपऱ्यातली लादी एका बाजूनं उचलली गेली, सावकाश, पेटीचं झाकण उघडावं तशी, आणि खालून पाणी आलं. गढूळ नव्हतं, मला तेच अजून समजत नाही. स्वच्छ होतं, तळापर्यंत दिसणारं. ते आवाज न करता पसरलं. मामींच्या पायांना लागलं, मांड्यांना लागलं, लुगडं फुगून तरंगायला लागलं. सतरंजी उचलली गेली. कोरड्या उन्हात, कोरड्या शेतात उभ्या असलेल्या घराच्या दारातून पाणी बाहेर पडायला लागलं.

"उठा मावशी!" साहेब ओरडले. "बघितलं मी. लिहितो. बाहेर या."

"लिवा आधी."

"अहो, बाहेर या, मग..."

"हितं उभं ऱ्हावून लिवा."

बांधावरून मामांची हाक आली. "हिरे! उठ गो!" त्यांनी मामींना नावानं हाक मारलेली मी त्याआधी ऐकली नव्हती, आणि गावानंही नसावी, कारण सगळ्यांनी माना वळवल्या. मामी उठल्या नाहीत. पाणी त्यांच्या कमरेला आलं होतं.

साहेबांनी बुटांसकट पाय आत टाकला. फ्रिजवर कागद ठेवला आणि लिहायला लागले. 

मामा तेव्हा धावत आले. मला वाटलं मामींना उचलायला. ते मामींच्या शेजारून गेले, कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसले आणि उचललेल्या लादीखाली उजवा हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, गाल पाण्याला टेकेपर्यंत. आत काहीतरी चाचपत होते. गाव बघत होतं. 

आणि मग ते थांबले. हात तसाच आत. डोळे उघडे. जणू कुणीतरी हातात हात दिला होता आणि त्यांना तो सोडवून घ्यायचं धैर्य होत नव्हतं.

ओहोटी लागेपर्यंत ते तसेच होते. पाणी आलं तसं, आवाज न करता, त्यांच्या खांद्याभोवतीनं खाली गेलं.

*

दुसऱ्या टप्प्याला परवानगी मिळाली नाही. रेघ पुन्हा उधाणाच्या भरतीला आखली गेली, आणि आमचं घर तिच्या चुकीच्या बाजूला आलं. ते आमच्या नावावर झालं नाही. पुढे ते पाडलं, पण तोवर आम्ही पनवेलच्या जुन्याच गल्लीत परतलो होतो.

कोजागिरीनंतर टेम्पो भरायला दोन दिवस लागले. निघताना मामी बांधावर आल्या, रेवूच्या हातात केळी दिली, तिची पापी घेतली. त्यांना अजून ओलसर वास येत होता, किंवा मला तसं वाटलं.

"मामी, तुम्ही पण चला," मी म्हणाले. "चार दिवस राहा आमच्याकडे. इथे सगळे तुमच्यावर रागावलेत."

"मी कुठं येव? सरपंच हाय मी." त्यांनी टेम्पोच्या फळीवर हात ठेवला आणि मागे गावाकडे पाहिलं. "आनि तुमच्या मामांना भरवील कोन? उजव्या हातानं जेवायचं नाय म्हनतात आता. तो हात धुवूपन देत नाय."

त्यांनी फळीवर थाप मारली, आणि टेम्पो निघाला.